तपासलेल्या पानाची किंमत

पदवी मिळाल्यावर आणखी वर्षभर इंग्रजीचा एखादा अभ्यासक्रम करावा, त्यानिमित्ताने चार चांगली पुस्तके वाचून होतील, लिहिण्याचा हात बसेल आणि एक प्रमाणपत्रही पदरात पडेल, असा विचार करणारे तरुण आपल्या देशात थोडे नाहीत. भारतीय भाषेतून शिकलेला वाणिज्य पदवीधर, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी शेतकऱ्याची मुलगी, तालुक्याच्या न्यायालयात नव्याने उभा राहिलेला वकील, शाळेत इंग्रजी शिकवण्याची जबाबदारी अचानक अंगावर आलेली विज्ञानाची शिक्षिका, अशा कितीतरी जणांना त्याची गरज असते. इंग्रजी साहित्य आणि लेखन यांची पदव्युत्तर प्रमाणपत्रे व पदविका देणाऱ्या संस्थाही मुक्त विद्यापीठांपासून खासगी विद्यापीठांपर्यंत सर्वत्र आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे अशा छोट्या अभ्यासक्रमांना नवी प्रतिष्ठा मिळाली आहे. पदवीच्या पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्यास प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर थांबणाऱ्यास पदविका देण्याची सोय त्यात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जून २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार दोन वर्षांचा एमए एका वर्षाने सोडणाऱ्यालाही पदव्युत्तर पदविका मिळू शकते. मिळवलेले श्रेयांक २०२१ मध्ये अस्तित्वात आलेल्या श्रेयांक पेढीत जमा करून पुढे वापरता येतात. रचना म्हणून हे सारे समंजस आहे. मात्र एमएचे निम्मे वर्ष म्हणून मिळालेली पदविका आणि स्वतःपुरता पूर्ण असा वर्षभराचा अभ्यासक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत विद्यार्थ्याच्या हाती अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणाची पावती येते. दुसरीत त्याला एक काम नीट करता येते, याची ग्वाही असायला हवी.

ते काम कोणते? इंग्रजीत एखादे पान असे लिहिणे, की ते वाचणाऱ्याला नेमके काय म्हणायचे आहे ते एका वाचनात कळावे. हे कौशल्य व्याख्यान ऐकून येत नाही. पान लिहावे लागते, ते कुणा जाणकाराने वाचून त्यावर खुणा कराव्या लागतात, आणि मग तेच पान पुन्हा लिहावे लागते. इंग्रजी लेखनाच्या प्रमाणपत्राला काही अर्थ यायचा असेल तर तो या तपासलेल्या पानांतूनच येईल. आणि नेमक्या याच कामाला आपल्या उच्च शिक्षणाच्या हिशेबात अध्यापन म्हणून जागा नाही.

परीक्षा आधी, शिक्षण नंतर

माझे पदव्युत्तर शिक्षण इतिहासाचे आहे, त्यामुळे या उणिवेची मुळे किती जुनी आहेत हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. भारतातील सनदी सेवेसाठी खुली स्पर्धा परीक्षा १८५५ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. तिची आखणी करणाऱ्या मेकॉलेच्या समितीने १८५४ मध्ये एकूण ६,८७५ गुणांची योजना सुचवली होती. त्यांतले १,५०० गुण एकट्या इंग्रजीला होते, म्हणजे ५०० निबंधलेखनाला आणि १,००० साहित्य व इतिहासाला. गणिताला १,०००, ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५०, तर संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५ गुण होते. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचे स्वतंत्र पदवी शिक्षण सुरू व्हायला त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली. केंब्रिजला तर १९१७ साल उजाडले. इंग्लंडच्या या दोन विद्यापीठांनी ज्या विषयाला वेगळे स्थान दिले नव्हते, तो विषय भारतावर राज्य करण्याची पात्रता ठरवणाऱ्या परीक्षेत मात्र सर्वांत जड होता.

दोनच वर्षांनी, १८५७ मध्ये, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांचा नमुना तेव्हाचे लंडन विद्यापीठ हा होता. विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, शिकवायचे ते संलग्न महाविद्यालयांनी, अशी ही विभागणी होती. विद्यापीठांनी स्वतः शिकवावे याचा मार्ग १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने मोकळा केला आणि कलकत्त्यात सर आशुतोष मुखर्जी यांनी पदव्युत्तर अध्यापनाची घडी बसवली. पण तोवर अर्धे शतक उलटले होते. इंग्रजी साहित्य आपल्याकडे परीक्षेच्या दारातून आले आणि परीक्षेची सवय त्याच्या अंगात मुरली ती कायमची. गाइड, 'अपेक्षित' प्रश्नसंच, ठरावीक उत्तरे आणि परीक्षेनंतर कधीही विद्यार्थ्याच्या हाती परत न येणारी उत्तरपत्रिका ही सगळी त्या सवयीचीच अपत्ये आहेत. इंग्रजीत एमए झालेला माणूस शेक्सपिअरच्या शोकांतिकांवर वीस गुणांचे उत्तर लिहू शकतो. त्याचे उत्तर कुठे ढिले पडले, कोणता परिच्छेद अनावश्यक होता, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

स्वातंत्र्यानंतर ही उणीव कुणाच्या लक्षात आली नाही असे नाही. १९५८ मध्ये हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश स्थापन झाली ती देशभरातील इंग्रजीच्या शिक्षकांना घडवण्यासाठी. कन्नडचे थोर कवी वि. कृ. गोकाक या संस्थेचे संचालक होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले होते, त्यामुळे महाराष्ट्राला ते परके नव्हते. मातृभाषेत मोठा कवी असलेल्या माणसाच्या हाती इंग्रजीच्या अध्यापनाची धुरा होती, ही गोष्ट मला सूचक वाटते. हीच संस्था पुढे इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी या नावाने केंद्रीय विद्यापीठ झाली. इंग्रजीच्या अध्यापनाचे तिचे पदव्युत्तर प्रमाणपत्र अनेक पिढ्यांच्या शिक्षकांनी घेतले आहे.

दुसरा मोठा प्रयोग इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने इंग्रजीतील सर्जनशील लेखनाची पदविकाही सुरू केली. त्याच्या पद्धतीचा गाभा होता स्वाध्याय. विद्यार्थ्याने घरी लिहायचे, मार्गदर्शकाने ते तपासून शेरे लिहायचे आणि लेखन परत पाठवायचे. दूर अंतरावरच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणारे तपासलेले पान ही या देशातील शिक्षणविचाराची एक उत्तम कल्पना होती. आज तिची अवस्था काय आहे, हे परीक्षेच्या हंगामात पुस्तकांच्या बाजारातून एक फेरी मारली तरी कळते. सोडवलेले स्वाध्याय तिथे तयार मिळतात. दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. आपले लिखाण कुणी लक्षपूर्वक वाचणार नाही अशी खात्री झालेला माणूस ते स्वतः लिहिण्याचे कष्ट घेत नाही.

कचेरीतून इंग्रजी कसे काढणार?

इंग्रजीच्या प्रश्नावर शासनाचे उत्तर काय राहिले आहे? अलीकडच्या काळातील तीन घटना पाहाव्यात. मार्च २०१३ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नव्या योजनेत इंग्रजी आकलन आणि सारांशलेखनाचे १०० गुण गुणवत्तेसाठी धरण्याची तरतूद आली. संसदेत गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात ती मागे घेतली गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये, आंदोलनानंतर, पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतील इंग्रजी आकलनाचे गुण मोजायचे नाहीत असे ठरले. २०१५ मध्ये ती संपूर्ण प्रश्नपत्रिकाच केवळ पात्रतेपुरती करण्यात आली. मुख्य परीक्षेतील इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपरही पात्रतेपुरताच आहे. त्यात २५ टक्के गुण मिळाले की पुरे.

आंदोलन करणाऱ्या उमेदवारांचे गाऱ्हाणे खरे होते. ज्यांना चांगली इंग्रजी शाळा मिळाली नाही, त्यांची बुद्धी इंग्रजीच्या तराजूत तोलणे अन्यायाचे आहे. परंतु परीक्षेतून इंग्रजी काढणे सोपे असते, कचेरीतून काढणे सोपे नसते. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालयाचे आणि सर्वसाधारणपणे उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. केंद्र सरकारच्या फायली, मंत्रिमंडळासाठीची टिपणे, वित्त आयोगापुढची निवेदने, आंतरराज्य पाणीतंट्यांतील कागदपत्रे यांची भाषा बहुतांशी इंग्रजीच आहे. उमेदवाराला आपण दारातून आत घेतो, पण आत गेल्यावर जी भाषा लागते ती त्याला शिकवण्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. मग ज्यांच्या घरी इंग्रजी होते ते पुढे जातात आणि इतर आयुष्यभर मागच्या फायलींतील वाक्ये उतरवून काढतात.

सचिवालयात आणि जिल्ह्यांत मिळून तीन दशकांहून अधिक काळ मी इतरांनी लिहिलेले मसुदे वाचले आहेत. त्यांत व्याकरणाच्या चुका असत, पण त्यांनी सहसा कुणाचे नुकसान होत नसे. नुकसान होई ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्यांनी. कालव्यासाठी जमीन गेलेल्या काही शेतकऱ्यांच्या मोबदल्याची एक फाइल मला आठवते. तिच्यावर चार निरनिराळ्या मेजांवरच्या टिपण्या होत्या आणि प्रत्येकीचा शेवट जवळपास एकच होता. आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी, अशा अर्थाचे ते प्रसिद्ध इंग्रजी वाक्य. कोणी करायची, किती दिवसांत, कोणत्या लेखाशीर्षातून, याचा पत्ता नव्हता. कर्मणी प्रयोगाच्या आडोशाला चारही कचेऱ्या सुरक्षित होत्या आणि शेतकरी दोन वर्षे हेलपाटे घालत होते. फाइल पुढे सरकली ती कुणा अधिकाऱ्याने नवे धोरण आखले म्हणून नव्हे. एका कनिष्ठ अधिकारी महिलेने कर्ता, क्रियापद आणि तारीख असलेली तीन वाक्ये लिहिली, एवढेच घडले होते.

साहित्य कशासाठी?

इथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. गरज नेमक्या वाक्याची असेल तर कार्यालयीन इंग्रजीचा एखादा वर्ग पुरेल. त्यासाठी कथा-कादंबऱ्यांची उठाठेव कशाला?

याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय कलकत्ता विद्यापीठाच्या १८५८ मधील पहिल्या दोन पदवीधरांपैकी एक होते आणि त्यांनी डेप्युटी मॅजिस्ट्रेट म्हणून नोकरी केली. 'राजमोहन्स वाइफ' ही त्यांची पहिली कादंबरी १८६४ मध्ये इंग्रजीत आली आणि पुढच्याच वर्षी 'दुर्गेशनंदिनी' बंगालीत. मलबारमधील न्यायखात्यातले अधिकारी ओ. चंदू मेनन पत्नीसाठी डिझरायलीची एक इंग्रजी कादंबरी मल्याळममध्ये उतरवू पाहत होते. ते जमेना, तेव्हा त्यांनी स्वतःचीच 'इंदुलेखा' लिहिली. ती १८८९ मध्ये प्रसिद्ध झाली. ओडिशातील संस्थानांत दिवाण म्हणून काम केलेले फकीर मोहन सेनापती यांची 'छ माण आठ गुंठ' ही कादंबरी १८९७ पासून क्रमशः आणि १९०२ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुढच्या काळात पाहिले तर उत्तर प्रदेशात प्रशासकीय सेवेत असलेल्या श्रीलाल शुक्ल यांची 'राग दरबारी' १९६८ ची आहे आणि महाराष्ट्र केडरच्या उपमन्यू चॅटर्जी यांची 'इंग्लिश, ऑगस्ट' १९८८ ची. सरकारी कागद आणि साहित्य यांच्यामध्ये आपण समजतो तेवढी मोठी भिंत कधीच नव्हती.

यांतली सेनापतींची कादंबरी मी कोणत्याही प्रमाणपत्र अभ्यासक्रमात पहिल्या महिन्यात लावीन. तिचे इंग्रजी भाषांतर २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. गुंठा हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही, आणि कादंबरीचा विषयही त्याला अनोळखी वाटणार नाही. एका विणकर दांपत्याची लहानशी जमीन मंगराज नावाचा जमीनदार बळकावतो, त्याची ही गोष्ट. पण खरी गंमत निवेदकात आहे. तो मंगराजाच्या धार्मिकतेची तोंड भरून स्तुती करतो आणि त्या स्तुतीतूनच जमीनदाराचे खरे रूप वाचकाला दिसू लागते. हे कोण बोलते आहे, कुणाला उद्देशून, आणि काय सांगायचे टाळते आहे, असे प्रश्न विचारायची सवय ही कादंबरी लावते. तहसीलदाराचा पंचनामा, कंपनीचा पर्यावरण अहवाल, मंत्र्याचे निवेदन वाचताना नेमके हेच प्रश्न लागतात. शब्दांमागचा माणूस ओळखायला शिकलेला विद्यार्थी स्वतः लिहिताना कर्मणी प्रयोगाच्या आड लपणे निदान अजाणता तरी करणार नाही. कार्यालयीन इंग्रजीच्या वर्गात पत्राचा नमुना मिळतो. नमुन्यात न बसणारा प्रसंग आला की काय करायचे, हे शिकायला वाचनच लागते.

तासांचा हिशेब

आता अडचणीच्या मुद्द्याकडे येऊ. समजा, एका वर्गात ४० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाने आठवड्याला पाचशे शब्दांचे एक पान लिहिले. एक पान नीट वाचून शेरे लिहायला १५ मिनिटे धरली तर आठवड्याचे १० तास होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार शिक्षकाचा आठवडा एकूण ४० तासांचा आणि वर्ष ३० आठवड्यांचे. त्यात सहायक प्राध्यापकाने १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. या १६ तासांत तास घेणे मोजले जाते, पाने तपासणे नाही. म्हणजे एका वर्गाला मनापासून लिहायला लावणाऱ्या शिक्षकाला १६ तासांवर आणखी १० तासांचे काम, आणि दोन वर्गांना लावले तर २०. जो लिहून घेत नाही त्याचा कार्यभारही कागदोपत्री तेवढाच पूर्ण भरतो. अशा व्यवस्थेत कष्टाळू शिक्षक किती काळ टिकेल?

नियमित पदांवरच्या शिक्षकांची ही स्थिती, तर तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची त्याहून बिकट. महाराष्ट्रातील वाचकांना हा शब्दप्रयोग चांगलाच परिचयाचा आहे. पद रिकामे, शिक्षक तासावर, असे चित्र इतर राज्यांतही वेगवेगळ्या नावांनी दिसते. आयोगाने २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांसाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असे मानधन ठरवले. अनेकांच्या हाती प्रत्यक्षात त्याहून कमी पडते, ही बाब वेगळी. मुद्दा असा की मोबदला व्याख्यानाचा मिळतो. तपासलेल्या पानाचा दर शून्य आहे.

अमेरिकेत पदव्युत्तर प्रमाणपत्र हा सहसा १२ ते १८ श्रेयांकांचा आटोपशीर अभ्यासक्रम असतो आणि त्याला बहुधा ठरलेला उपयोग असतो. दुसऱ्या विषयात एमए असलेल्या शिक्षकाला महाविद्यालयीन दर्जाचे इंग्रजी लेखन शिकवायचे असेल तर इंग्रजीतील १८ पदव्युत्तर श्रेयांक हवेत, असा दंडक तिथे पुष्कळ ठिकाणी पाळला जातो. शाळेतील शिक्षक त्यासाठी असे प्रमाणपत्र घेतात. तिथली अर्थव्यवस्था आपली नाही, पण त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे. लेखन शिकवणे हे वेगळ्या तयारीचे काम आहे आणि ती तयारी मोजता येते, हे तिथे गृहीत धरलेले असते.

हे काम भारतात होऊच शकत नाही असेही नाही. २०११ मध्ये सुरू झालेली आणि आज सोनीपतच्या अशोका विद्यापीठात चालणारी यंग इंडिया फेलोशिप ही एक वर्षाची पदव्युत्तर पदविका आहे. कोणत्याही शाखेचा पदवीधर तिथे येतो आणि चिकित्सक लेखनाचा अभ्यासक्रम तिथे लहान गटांत चालवला जातो. शुल्क मात्र काही लाखांत जाते. गरजूंना सवलत मिळते हे खरे, पण एखादी संस्था सवलत देऊन किती जणांपर्यंत पोहोचेल? जे खासगी विद्यापीठाला जमते ते सार्वजनिक विद्यापीठाला निम्म्या डामडौलात जमायला हवे.

त्याचा खर्चही मांडून पाहू. २० विद्यार्थ्यांचा गट, वर्षभरात प्रत्येकी १५ लेख, आणि प्रत्येक लेख दोनदा लिहायचा, म्हणजे माणशी ३० पाने. एकूण ६०० पाने, प्रत्येकी १५ मिनिटे, म्हणजे १५० तास. अतिथी शिक्षकाच्या कमाल दराने मोबदला दिला तरी २,२५,००० रुपये होतात. एका विद्यार्थ्यामागे ११,२५०. स्पर्धा परीक्षांच्या खासगी वर्गांना पालक याच्या कितीतरी पट रक्कम मोजतात, हे पुण्यात किंवा दिल्लीत राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप भाषेच्या अभिमानाचा आहे आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. इंग्रजी लेखनावर सार्वजनिक पैसा खर्च करणे म्हणजे भारतीय भाषांना आणखी मागे ढकलणे नव्हे का? या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यात बांका नावाच्या गावी २०१० मध्ये इंग्रजी देवीच्या मंदिराची पायाभरणी झाली. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले त्याने इंग्रजीला देवता मानावे, यात भाबडेपणा पाहणाऱ्यांनी स्वतःची मुले कोणत्या शाळेत जातात हे आधी पाहावे. असा अभ्यासक्रम मात्र दुहेरी असला पाहिजे. निम्मे लेखन मातृभाषेतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मातृभाषेत नेण्याचे असावे. ग्रामसभेचा ठराव इंग्रजीत न्यावा, उच्च न्यायालयाचा निकाल गावकऱ्याला समजेल अशा मराठीत, तमिळमध्ये किंवा संथाळीत आणावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून निकालपत्रांची भारतीय भाषांतील भाषांतरे उपलब्ध करून द्यायला सुरुवात केली आहे. त्या कामाला दोन्ही भाषांत तितकाच सहज वावर असलेली माणसे लागतात, आणि ती तयार करणारी व्यवस्था आज तोकडी आहे.

दुसरा आक्षेप नवा आहे. संगणकाला सांगितले की तो क्षणात निर्दोष इंग्रजी पान लिहून देतो, मग हे कष्ट कशाला? आधी म्हटल्याप्रमाणे, आपल्या कागदांचे दुखणे निर्दोष पण पोकळ वाक्य हे आहे, आणि यंत्र अशी वाक्ये हवी तितकी पुरवते. मोबदल्याच्या फाइलवर कर्ता कोण, हे यंत्राला ठाऊक नसते. ते ठरवण्याची जबाबदारी सही करणाऱ्याची आहे. यंत्राने दिलेल्या पानात काय चुकले आहे हे ओळखायलाही आधी शेकडो पाने स्वतः लिहून दुरुस्त केलेली असावी लागतात. फार तर एवढे खरे की घरी लिहून आणलेल्या स्वाध्यायावर यापुढे विसंबता येणार नाही. काही लेखन वर्गात, हाताने, शिक्षकासमोर करून घ्यावे लागेल.

काय करता येईल

चार गोष्टी लगेच करता येण्यासारख्या आहेत आणि त्यांतल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. पहिली, आयोगाने कार्यभाराच्या नियमात लेखन तपासणीचा समावेश करावा. तपासणीचे दोन तास म्हणजे अध्यापनाचा एक तास, एवढे मान्य केले तरी चित्र पालटेल. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तपासणीचा मोबदला वेगळा द्यावा. दुसरी, लेखनाच्या कोणत्याही प्रमाणपत्रासाठी गटाची मर्यादा २० ठेवावी. तिसरी, अंतिम मूल्यमापन तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेऐवजी वर्षभराच्या संचिकेवर व्हावे. तिच्यात प्रत्येक लेखाचा पहिला आणि दुसरा खर्डा, शिक्षकाच्या शेऱ्यांसह, शेजारी शेजारी असावा आणि त्यावर तोंडी परीक्षा घ्यावी. नोकरी देणाऱ्याने प्रमाणपत्राऐवजी ती संचिका मागावी. चौथी, हैदराबादच्या विद्यापीठाने पाने तपासणाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण सुरू करावे. निवृत्त शिक्षक, वृत्तपत्रांतील उपसंपादक, न्यायालयीन अनुवादक आणि काही निवृत्त अधिकारीही या कामाला येतील. इतरांच्या लिखाणावर लाल शाईने लिहिण्याचा सराव आम्हाला आहेच. तो शिकवण्यासाठी कसा वापरायचा, एवढे शिकून घ्यावे लागेल.

प्रारंभ देशभर एकाच वेळी करण्याची गरज नाही. एखाद्या राज्याने जिल्ह्याच्या ठिकाणच्या पाच महाविद्यालयांत, प्रत्येकी २० विद्यार्थ्यांना घेऊन, पहिले वर्ष काढावे. शंभर विद्यार्थी, तीन हजार पाने, साडेसातशे तास. एका जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत ही रक्कम शोधून सापडणार नाही इतकी लहान आहे.

श्रेयांकांच्या पेढीत खाती वाढतच राहतील आणि प्रमाणपत्रे छापली जातील. त्या आकड्यांवर समाधान मानायचे नसेल तर संसदेत, विधिमंडळांत आणि विद्यापीठांच्या अधिसभांत एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात करावी. या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने वर्षभरात किती पाने लिहिली आणि त्यांतली किती कुणीतरी वाचून परत दिली?